कुलूपवाल्यांचे स्मृतिव्याख्यान

गुरुवार, ४ सप्टेंबर

आजची हजेरी एकेचाळीस. विषय 'ढग कसे ओळखावेत'. वक्ते निवृत्त वैमानिक. आवाज खणखणीत, पण 'वातावरण' म्हणताना दर वेळी 'वातारवण'. नऊ वेळा. व्याख्यान संपल्यावर बाजूला घेऊन सांगितलं, तर म्हणाले, "लोकांना ढग कळले ना?" अशा बेफिकिरीनेच विमानं पडत असावीत.

मंडळाचं हे सातवं वर्ष. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, दर गुरुवारी साडेपाच ते साडेसहा. चाळीस मिनिटं व्याख्यान, दहा मिनिटं प्रश्न, दहा मिनिटं चहा. वक्ता फुकट, श्रोता फुकट, कार्यवाह म्हणजे मीही फुकट. एकतीस वर्षं मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो. छापण्याआधी पानातल्या चुका शोधायच्या, हे काम. त्या एकतीस वर्षांत माझ्या नजरेखालून गेलेल्या पानासाठी एकदाही शुद्धिपत्र छापावं लागलं नाही. साधी गोष्ट नव्हे ही. मंडळही मी त्याच शिस्तीत चालवतो. सभासद माझ्या माघारी मला 'अनुस्वार' म्हणतात असं कानावर आलं. आपुलकी असल्याशिवाय माणसं टोपणनाव ठेवत नाहीत.

पहिल्या रांगेतली डावीकडची खुर्ची आज तिसऱ्यांदा रिकामी. ती कुलूपवाल्यांची. वय एक्याऐंशी. बाजाराच्या कोपऱ्यावर बसून पन्नास वर्षं कुलपं दुरुस्त केली, चाव्या करून दिल्या. ठार बहिरे. डाव्या कानात ओरडलं तर एखादा शब्द पोचतो. तरीही सगळ्यात नियमित. वक्त्याच्या तोंडाकडे एकटक बघत बसायचे आणि टाळ्या सगळ्यांच्या मागून वाजवायचे. त्यांना स्वतःला व्याख्यान द्यायचं होतं. सहा अर्ज केले. "आयुष्यभर लोकांचं ऐकलं साहेब, आता ऐकू येत नाही तर जरा बोलून बघतो." सहाही अर्ज मी नामंजूर केले. विषय व्यासंगाचा नाही आणि अर्जात सहाही वेळा 'कुलुप' असं ऱ्हस्व. ज्याला स्वतःच्या धंद्याचं नाव लिहिता येत नाही त्याला व्यासपीठ कसं द्यायचं?

शुक्रवार, ५ सप्टेंबर

तीन गुरुवार न कळवता गैरहजर राहिलेल्या सभासदाच्या घरी फोन करायचा असा आमचा रिवाज. केला. कुलूपवाल्यांच्या सूनबाईंनी उचलला.

"बाबा आहेत का?"

"नाही हो. बाबा गेले."

"कधी?"

"झाले की वीसेक दिवस. रविवारी गेले."

"काय होत होतं?"

"व्हायचं काय, वय झालं. सहा महिने माझी नुसती फरफट झाली बघा. आमचे हे तिकडे जहाजावर. एकटी मी किती करणार?"

"त्रास नाही ना झाला त्यांना?"

"छे. शांतपणे गेले. गाडीत घातलं तेव्हा एक शब्द बोलले नाहीत."

म्हणजे रुग्णवाहिकेतच गेले बिचारे. मी म्हटलं, "सुटले."

मग म्हणाली, "सगळेच सुटलो म्हणायचं. तुम्ही पहिलेच बघा, जे असं समजून घेताय. शेजारचे तर मला टोचून खातात."

मी म्हटलं, लोकांकडे लक्ष देऊ नका. तिने माझे आभार मानले. दुःखातही मॅनर्स सुटले नाहीत, याचं कौतुक वाटलं.

घरात हिला सांगितलं तर ही ओट्याला टेकून तशीच उभी राहिली. मागे आमच्या कपाटाची चावी हरवली तेव्हा कुलूपवाल्यांनी येऊन ते उघडलं होतं, आणि मग अर्धा तास हिला कुलपाच्या पोटात काय काय असतं ते खोलून दाखवत बसले होते. तेवढ्यावरून इतकं. म्हणाली, "अहो, घरी जाऊन भेटून तरी या सुनेला." मी म्हटलं, फोनवर सगळं बोलणं झालंय, आता जाऊन नवीन काय कळणार?

संध्याकाळी माझ्या जुन्या वर्तमानपत्राला निधनवार्ता लिहून पाठवली. "अल्पशा आजाराने निधन झाले. ते ८१ वर्षांचे होते. त्यांच्यामागे मुलगा, सून असा परिवार आहे." नावासकट सगळं नीट, एक वेलांटी इकडची तिकडे नाही. तिथल्या पोराने जशीच्या तशी घेतो म्हणून सांगितलं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

शोकसभा उत्तम झाली. हजेरी अठ्ठावन्न! टेबलावर फोटो, फुलं, दोन मिनिटं स्तब्धता. मी अकरा मिनिटं बोललो. 'कष्टाच्या हातांनी ज्ञानाचं दार ठोठावणारा साधक' असा शब्दप्रयोग केला, तेव्हा मागच्या रांगेत दोघींनी डोळे पुसले. शेवटी मी त्यांच्या नावे दरवर्षी स्मृतिव्याख्यान घेण्याची घोषणा केली. पहिलं तेरा नोव्हेंबरला. विषय अर्थातच 'कुलूप', वक्ते एक निवृत्त न्यायाधीश.

आमच्या अध्यक्षबाई, म्हणजे दातांच्या निवृत्त डॉक्टर, समारोपात म्हणाल्या, "हयात होते तेव्हा आपण त्यांना चाळीस मिनिटं दिली नाहीत." हे 'आपण' म्हणजे नेमकं कोण ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. सर्वनामं माणसाने जपून वापरावीत.

सोमवार, १५ सप्टेंबर

सकाळी सूनबाईंचा फोन.

"तुम्ही हे काय छापून आणलंत? बाबा वृद्धनिवासात आहेत!"

"पण तुम्ही म्हणालात, गेले."

"गेलेच की! तिकडे राहायला गेले. मग गेलेल्या माणसाला काय म्हणणार, आले?"

'राहायला' एवढा एक शब्द वाक्यात घालायला तिला काय झालं होतं? कर्ता आहे, क्रियापद आहे, आणि मधला शब्द बाईसाहेबांनी गाळला. आता शुद्धिपत्र छापणार. जुन्या कचेरीतली माणसं एकमेकांना टाळ्या देत वाचणार. 'ते हयात आहेत.' माझ्या नावावर.

मी म्हटलं, "मी आजच वर्तमानपत्राला कळवतो."

ती एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "नाही, मी काय म्हणते... पेपरात आल्यापासून शेजारच्या दोघीतिघी येऊन बसून गेल्या. एकीने तर डबा आणून दिला. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला कुणीतरी विचारलं, तू कशी आहेस गं. नाहीतर रोज तेच, सासऱ्याला टाकलंस ना? राहू दे ना थोडे दिवस. तसे ते तिथून कुठे बाहेर पडणार आहेत?"

"तुमच्या ह्यांना काय सांगणार?"

"ते येतील उन्हाळ्यात. तेव्हाचं तेव्हा."

मी म्हटलं, कुटुंबाची तशीच इच्छा असेल तर मी कोण आड येणार. फोन ठेवल्यावर दोन ग्लास पाणी प्यायलो. हिने विचारलं, कुणाचा फोन? म्हटलं, चुकीचा नंबर.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आज मी अर्धमेला झालो. चार वाजता खुर्च्या लावायला एकटाच हॉलवर गेलो, आणि सूचनाफलकासमोर कुलूपवाले उभे! हातात कापडी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बूट धुळीने भरलेले. फलकावरच्या स्वतःच्या फोटोवर बोट ठेवून उभे होते. मला बघितलं आणि रडायलाच लागले.

"साहेब! लावलंत की हो शेवटी माझं नाव!"

फलकावर मोठ्या अक्षरात त्यांचं नाव, खाली 'यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ', त्याखाली 'व्याख्यान : कुलूप'. नाव वाचलं, व्याख्यान वाचलं, कुलूप वाचलं. मधला शब्द त्यांना लागलाच नाही. स्मृतिप्रीत्यर्थ हा शब्द भल्याभल्यांना लागत नाही, मीच तो कितीदा दुरुस्त केलाय.

खरं तर त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण साडेपाचला लोक येणार होते आणि डोक्यात तेवढंच होतं. त्यांचं सुरूच. "सातव्यांदा विचारायला दोन बस बदलून आलो, नमुने घेऊन. फाटकाला कुलूप लावतात ते. साधं लिव्हरचं आहे, एक मिनिट लागलं नाही. बाहेर आल्यावर परत लावून आलो, त्यांना उगाच घोर नको. हे बघा." पिशवी उघडून दाखवली. आत पंधरा-वीस लहान कुलपं, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. श्रोत्यांच्या हातात एकेक द्यायचं, उघडायला लावायचं, असा त्यांचा बेत.

मी खिशातून कागद काढला आणि लिहिलं, 'तारीख बदलली आहे. नवी तारीख कळवू. तोवर तिकडेच राहावे. बाहेर पडू नये. भाषण लिहून पाठवावे.' त्यांनी ओठ हलवत तीनदा वाचलं, घडी घालून छातीच्या खिशात ठेवलं. म्हणाले, "लिहूनच पाठवतो. तुम्ही जरा शुद्धलेखन बघा साहेब, माझं कच्चं आहे." मागच्या जिन्याने खाली नेऊन टॅक्सीत बसवलं. टॅक्सी वळेपर्यंत हात हलवत होते.

नंतर 'आपले डोळे, आपली दृष्टी' व्याख्यान. हजेरी चौरेचाळीस. माझं लक्ष नव्हतं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

पोस्टाने जाड पाकीट. चौदा पानं, पाठकोरी, पेन्सिलने. पहिल्याच पानावर तेवीस चुका. लाल पेन घेऊन बसलो. त्याशिवाय मला वाचताच येत नाही.

मध्येच कधीतरी पेन थांबलं. हे इथे उतरवून ठेवतो, शुद्ध करून :

'ज्याची चावी हरवते तो दारात उभा राहून आपल्या घराकडे जसा बघतो तसा आत राहून कधीच बघत नाही. मी पन्नास वर्षं ती तोंडं बघितली. मग मी कुलूप काढून देतो. दार उघडलं की माणूस आधी आत जातो. आभार मागून मानतो. काही जण आत जाऊन दार लावून घेतात. मला त्यांचा राग येत नाही. आपलं दार उघडलं हेच त्यांना खूप असतं.'

हेवा वाटला, खोटं कशाला लिहू. मी जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली, त्यांची रास केली तर या घराच्या छताला लागेल. त्यात माझं स्वतःचं एक नाही. आणि हा माणूस 'कुलूप'मधला 'लू' ऱ्हस्व काढतो.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

त्यांना उत्तर टाकलं : 'मजकूर मिळाला. सुधारणा चालू आहेत. तारीख यथावकाश.' यथावकाश हा फार सोयीचा शब्द आहे.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

न्यायाधीशांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, ते येणार नाहीत. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्हीच बोला. शोकसभेत तुम्ही फार छान बोललात त्यांच्यावर." मी नको नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी आग्रह केला नसता तर पंचाईत झाली असती, पण केला.

ती चौदा पानं मी आता स्वच्छ अक्षरात उतरून काढली आहेत. दोनशे नव्वद दुरुस्त्या. इतक्या दुरुस्त्यांनंतर मजकूर कुणाचा राहतो, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. 'मी' होतं तिथे 'ते' केलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हिचं काहीतरी बिनसलंय. कात्रीसाठी माझा खण, पेन्सिलची पानं ठेवलेला, उघडला होता म्हणे. तेव्हापासून बोलणं कामापुरतं. आज सकाळी "बहिणीकडे जाते" म्हणून गेली ती अंधार पडता पडता आली. चपला धुळीने पांढऱ्या. बहीण तर दोन गल्ल्या सोडून राहते. विचारलं तर म्हणाली, "लांबच्या रस्त्याने गेले." या वयात चालणं चांगलंच.

जेवताना एकदम विचारलं, "कुलूपवाल्यांना तुम्ही काही कळवलंय का हो?" मी घास परत ताटात ठेवला. मग लक्षात आलं, बोलताना चुकली असणार. गेलेल्या माणसाला काय कळवणार! मी म्हटलं, काळ सांभाळून बोलत जा. ती ताट उचलून आत गेली. अर्धं जेवण ताटात तसंच.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

हजेरी त्र्याहत्तर. मंडळाचा उच्चांक. जास्तीच्या खुर्च्या वाचनालयातून आणल्या. साडेपाचला सुरुवात केली. लोक असे ऐकत होते की पंख्याचा आवाज येत होता. वैमानिक पुढे वाकून बसलेले. चावी हरवलेल्या माणसाच्या तोंडाचं ते वाक्य आलं तेव्हा अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालेल्या वाक्यावर कुणीतरी रडलं.

पान नऊवर होतो. मागचं दार उघडलं. ही आली, आणि हिच्या हाताला धरून कुलूपवाले. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, हातात तीच पिशवी. ही त्यांना मधल्या वाटेने सरळ पुढे घेऊन आली आणि पहिल्या रांगेत डावीकडे बसवलं. स्वतः मागे भिंतीला टेकून उभी राहिली.

अध्यक्षबाईंच्या हातातला पाण्याचा ग्लास खाली पडला. कुणीतरी किंचाळलं. त्यांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. टेबलावरच्या आपल्या फोटोकडे बघितलं, फुलांकडे बघितलं, माझ्याकडे बघून मान हलवली. मी त्यांची ओळख करून देतोय असं समजले होते ते. पिशवी मांडीवर ठेवून आपली पाळी यायची वाट बघत बसले. मी दहावं पान वाचलं, अकरावं वाचलं. थांबायचं तर काय बोलून थांबायचं, तेच सुचेना. चौदावं पान संपवून मी "धन्यवाद" म्हटलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. कुलूपवाल्यांनी मात्र वाजवल्या, एकट्यांनी. मग उठून वर आले, माझा हात दोन्ही हातांत घेतला, "फार मोठी ओळख करून दिलीत साहेब," म्हणाले, आणि माईकसमोर उभे राहून माझ्या खणातली ती स्वतःची पेन्सिलची पानं उघडली.

"मी कुलूपवाला. मला जास्त शिकता आलं नाही..."

तेच भाषण. पहिल्या ओळीपासून. सगळ्या चुकांसकट.

लोक आता खुर्च्या सोडून उठले होते. जो तो शेजारच्याला विचारत होता, हे कसं झालं, कुणी सांगितलं गेले म्हणून, पेपरात कुणी दिलं. वैमानिक माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी मोठ्याने बोलत होते. एक बाई वर जाऊन कुलूपवाल्यांच्या दंडाला हात लावून खाली आली आणि बाकीच्यांना सांगू लागली, खरंच आहेत. सगळा हॉल त्यांच्याबद्दल बोलत होता. ऐकत एकही नव्हता, भिंतीजवळची ही सोडून. ते बिचारे ओळींवर बोट ठेवून वाचत होते, मध्ये मध्ये मान वर करून हसत होते. इतकी माणसं उभी राहून ऐकताहेत असं वाटलं असणार त्यांना.

सहा पंचविसाला मी घंटा वाजवली. साडेसहाला नृत्याच्या वर्गाला हॉल द्यायचा असतो. घंटा त्यांना ऐकू गेली नाही. परत वाजवली. मग मी माईक बंद केला. तेही त्यांना कळलं नाही. आवाज थांबला, ओठ चालूच.

हिने येऊन त्यांच्या हातातली पानं हळूच मिटली. वहीच्या कागदावर काहीतरी लिहून दिलं. बरंच लिहिलं होतं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. फोटोकडे परत एकदा बघितलं. मग माझ्याकडे.

"एवढी माणसं त्यासाठी आली होती होय," म्हणाले.

कुलपं वाटायची राहिली. पिशवी तशीच परत गेली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अध्यक्षबाई घरी आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "सोमवारपर्यंत वर्तमानपत्रात शुद्धिपत्र, नाहीतर तुमचा राजीनामा." वर्तमानपत्राला फोन केला. तिथल्या पोराने मोठ्या खुशीत सांगितलं की हयात असल्याचं शुद्धिपत्र छापायचं तर त्या माणसाची सही लागते, शिवाय खाली मजकूर देणाऱ्याचं नाव येणार. माझं.

मसुदा मी स्वतःच केला. दुसरं कुणी धड लिहिणार नाही. 'दिलगीर' लिहिताना हात थांबला, पण लिहिलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

वृद्धनिवासात जाऊन आलो. ही बरोबर होती, म्हणजे माझ्यापुढे चालत होती. तिला तिथले सगळे ओळखतात याचं नवल वाटलं. एका खोलीत तीन खाटा, त्यांची खिडकीजवळ. फाटकाला आता नवीन कुलूप आलंय, अंकांचं.

मी त्यांच्यापुढे मसुदा ठेवला. त्यांनी बोट ठेवून वाचला.

"ही सही केली की मी जिवंत?"

मी मान हलवली.

"मग जिवंत झालो की एखाद्या गुरुवारी बोलता येईल ना साहेब? परवा पुरं झालं नाही."

त्यांच्या वहीत मी लिहिलं : 'नियम ९. एकदा झालेला विषय तीन वर्षे पुन्हा घेता येत नाही. कुलूप हा विषय १३ नोव्हेंबरला झाला.'

ही माझ्या खांद्यावरून वाचत होती. "अहो, नियम तुम्हीच लिहिलेत ना?"

"म्हणूनच मला मोडता येत नाही."

कुलूपवाल्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे मी चौऱ्याऐंशीचा." मग मसुदा घडी करून माझ्या हातात परत दिला.

"मग सही राहू द्या. गेलेल्या माणसाचं भाषण तुम्ही वाचून दाखवलंत, ते शोभून दिसतं. जिवंत माणसाचं नाव काढून वाचलंत असं झालं, तर लोक तुम्हाला काय म्हणतील? या वयात तुमची नाचक्की नको. सुनेलाही तिकडे बरं चाललंय म्हणे. मला काय, मी आहे इथेच."

छातीवरचा दगड उतरला. माणूस फार शिकलेला नसला तरी मुद्दा बिनतोड होता. सही द्यायला त्यांनीच नकार दिला असं अध्यक्षबाईंना आता खरेपणाने सांगता येईल. शुद्धिपत्र नाही, राजीनामा नाही, एकतीस वर्षं शाबूत. हिला म्हटलं, चल. ही त्यांच्या खाटेजवळची खुर्ची ओढून बसली होती. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी यायची नाही." आज यायची नाही असं म्हणायचं असेल. वाक्यं अर्धवट सोडायची सवयच आहे तिला.

निघताना त्यांनी मला थांबवलं. तीन वर्षांचा अर्ज आत्ताच देऊन ठेवतो, पुढे लक्षात राहील न राहील, म्हणाले. वहीचं पान फाडून, गुडघ्यावर ठेवून, पाच मिनिटं लावून लिहिलं. दोन्ही हातांनी मला दिलं.

बसथांब्यावर आल्यावर लक्षात आलं की अर्ज हयात सभासदाचाच घेता येतो, आणि सही तर त्यांनी केलेली नाही. हा कागद माझ्या फायलीत सापडला तर सगळंच मुसळ केरात. बस यायला वेळ होता. खिशात लाल पेन होतं. आधी त्यातल्या सात चुका दुरुस्त केल्या, मग फाडला.